भागाअक्काची बिदरी वडी

मी नववीच्या वर्गावर होते. शिपाई दारात आला आणि म्हणाला, भालकीहून फोन आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले, तर पलीकडे मिलिंद, भागाअक्काचा मुलगा. "मावशी, अक्का गेली," एवढंच म्हणाला. सगळी वस्ती तिला अक्काच म्हणायची, पोटचा मुलगासुद्धा. त्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून मुख्याध्यापकांनी मान वर करून पाहिलं. मी विचारलं, "वडी खाल्ली होती का रे?" मिलिंद रडता रडता हसला. "व्हय. डाक्टर नको म्हणायलेत म्हणून उशीखाली ठिवली होती. दुपारी खाल्ली. कागद मुठीतच होता."

साखरेच्या आजारानं अंथरूण धरलेली बाई स्वतःच्या हातची वडी खाऊन, स्वतःच्या नावाचा कागद मुठीत धरून गेली. मला रडू आलंच. पण खरं सांगते, छातीही फुगली.

भालकीहून बिदरला किंवा उदगीरला एस.टी.नं गेलेल्या माणसानं बिदरी वडी खाल्ली नाही असं सहसा होत नाही. वरून काळीभोर. काळ्यावर पांढरी नागमोडी रेघ, बिदरी सुरईवर चांदीची तार ठोकावी तशी. तोंडात टाकली की आधी वरचं चॉकलेट सुटतं, मग आतली तांब्याच्या रंगाची वडी दातांना अशी धरते की दोन थांबे जाईपर्यंत बोलायचं नाव नको. ती वडी माझ्या मावसबहिणीनं केली. भागीरथी लक्ष्मण कांबळे हिनं, भालकीच्या बौद्ध वस्तीतल्या दोन खणांच्या घरात, शाळेचा उंबरा न ओलांडता. मी तिच्यापेक्षा बरीच लहान. आमच्या साऱ्या भावकीतली पहिली पदवीधर मी, आणि हे मी दर ठिकाणी सांगते, कारण सांगायलाच पाहिजे. माझ्या गावाहून, खजुरीहून, बिदरच्या कॉलेजात शिकायला आले तेव्हा म्हैसूर राज्याचं नाव नुकतंच कर्नाटक झालं होतं. वसतिगृहात जेवण कच्चं असायचं, म्हणून शनिवार आला की मी गाडी पकडून भालकीला अक्काकडे. तेवढ्यामुळे ह्या वडीचा जन्म मी पहिल्यापासून पाहिला.

त्याच्या आधीची गोष्ट अक्काच्याच तोंडची. लग्नानंतर काही वर्षं ती बिदरला हवाई दलाच्या वसाहतीत एका अफसराच्या घरी स्वयंपाकाला होती. तिथं तिला जात कुणी विचारली नाही, भाकरी गोल येते का तेवढंच विचारलं, असं ती सांगायची. त्या घरच्या बाईंनी एकदा परदेशातून आलेल्या डब्यातलं एक चॉकलेट तिच्या हातावर ठेवलं. अक्कानं अर्धं चावलं आणि तिथंच थांबली. आत तांबूस, चिवट, दुधाची काहीतरी करामत होती. दात लावला की तार निघत होती. उरलेलं अर्धं तिनं पदराच्या गाठीत बांधलं आणि थेट भालकीची गाडी धरली, नवऱ्याला दाखवायला. लक्ष्मणदाजी तेव्हा गुऱ्हाळावर गुळव्या होते. उसाच्या रसाचा पाक कधी उतरवायचा हे नुसत्या बुडबुड्यावरून ओळखणारे. गाडीत ऊन, गर्दी... घरी येऊन गाठ सोडली तर चॉकलेट नाहीच, पदराला डाग. दाजींनी तो पदर चाटला. हे मी रचून सांगत नाही, ते स्वतः सांगतात. चाटून म्हणाले, "दूध हाय आन् जळकी साखर हाय. ह्याच्यात काय एवढं?"

ह्याच्यात काय एवढं, हे कळायला पुढची दोन-तीन वर्षं गेली.

पहिल्यांदा त्यांनी म्हशीच्या दुधात गूळच घातला. गुळाचं घर ते, दुसरं काय घालणार? दूध फाटलं. चिमूटभर खायचा सोडा घालून बघितला, तेव्हा फाटायचं थांबलं, पण वासच गुळाचा. मग साखर आणली. दूध आटवायचं, साखर तांब्याच्या रंगावर जाळायची, लोणी सोडायचं आणि पाण्यात थेंब टाकून पाक गोळीबंद झाला की ओतायचा. कुठं ओतायचा? जवळच एका कारखान्याच्या वसाहतीचं बांधकाम चाललं होतं. तिथली टवका उडालेली एक शहाबादी फरशी दाजींनी बैलगाडीत टाकून आणली. ती फरशी चुलीपाशी मांडली, तूप फासलं. पाक ओतला की असा काही चकाकायचा की आम्ही सगळे वाकून आपापली तोंडं त्यात बघायचो. आणि थोड्या वेळानं बघावं तर चकाकी गेलेली, वडी भुसभुशीत, दाताखाली कचकच रवा. चव चांगली. पण ती बर्फीची चव होती. तार नाही, चिवटपणा नाही.

अक्का दर खेपेला चिडायची. दूध बदललं, चूल बदलली, शेजारणीची नजर लागली म्हणून ओतताना दार लावून घेतलं. त्या वर्षी माझ्या शास्त्राच्या अभ्यासासाठी मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसायचे. तिथं मिठाईच्या रसायनावरचं एक जाड इंग्रजी पुस्तक हाती लागलं. शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. त्यात लिहिलं होतं, पाक निवताना हलवला की साखरेचे कण एकमेकांना धरतात आणि रवा पडतो. मी उड्या मारतच भालकीला गेले. गेले ती चुलीसमोर बसून राहिले आणि काय बघते... अक्का पाक ओतून हात धुवायला परसात गेली, आणि इकडे दाजी आपले फरशीपाशी बसून लाकडी उलथन्यानं पाक घोटतायत. मजेत, गुणगुणत. गुऱ्हाळात गूळ निवताना घोटतात तसा. गुळाला रवा आला तर बाजारात भाव. आयुष्यभर त्यांनी रवा आणण्याचीच कमाई केली होती. पाक निवताना दिसला की त्यांचा हात आपोआप चालायचा, आणि आपण काही करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"दाजी, काय करायलाव?" मी ओरडले.

"कुठं काय," म्हणाले आणि हात चालूच.

अक्का परसातून आली. तिला सगळं एका नजरेत कळलं. दोन वर्षांचं दूध, साखर, शेजारणीवरचा संशय, सगळं तिच्या तोंडावरून सरकलं. मला वाटलं आता काही दाजींची खैर नाही. पण ती मटकन खाली बसली आणि इतकी हसली, इतकी हसली की तिचा ठसका थांबेना. त्या दिवसापासून घरात कायदा झाला. पाक फरशीवर पडला की अक्का म्हणायची, "हात मागं." दाजींनी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. पाक निवेपर्यंत ते फरशीभोवती असे फिरायचे, पाहणीला आलेल्या कलेक्टरसारखे. मधूनच म्हणायचे, "हाताला खाज सुटायली गं." पाक बसला की अक्का म्हणायची, "हां, सोडा आता." मग कापायला सुरी दाजींच्या हातात. कापणं त्यांचंच. त्यांच्याइतकी सरळ रेघ कुणाची जात नसे.

पुस्तकात आणखी एक होतं. साखरेत दुसऱ्या जातीची पातळ साखर मिसळली तर रवा धरत नाही. ती पातळ साखर कुठून आणायची याचा मी विचार करत होते, तर अक्का म्हणाली, काकवी चालंल का? काकवी कधी दगडासारखी बसलेली तिनं बघितली नव्हती. चिमूटभर सोड्यासकट घातली. आणि वडी आली... तार निघाली हातभर. मी एक टोक दातात धरलं, दुसरं अक्कानं. दाजी मधे हात मागं बांधून उभे. पुढं अक्का सगळ्यांना सांगायची की हे सगळं तिचंच डोकं. मी म्हणायचे, पुस्तक माझं. ती म्हणायची, "पुस्तक तुझं, काकवी माझी, येडेपणा दाजीचा." त्याच पुस्तकात होतं की साहेबांच्या देशातसुद्धा आधी नुसतीच वडी होती, चॉकलेटचा अंगरखा तिला मागाहून चढला. मी ते तिला मोठ्या तोऱ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांनी कवा केली ते त्यांनी लिहून ठिवलंय. आपुन कवा केली ते कोण लिहिणार? तू लिहिशील का?" मी हो म्हटलं होतं. हे लिहिते आहे ते त्या ‘हो’साठीच.

अंगरख्याचं सांगायचं तर कोकोची पूड हैदराबादहून यायची. ती, पिठीसाखर आणि वनस्पती तूप गरम पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात एकजीव करायचं आणि वडी काट्यानं बुडवून काढायची. पांढऱ्या रेघेची कल्पना तिला बिदरच्या एका कारागिराच्या ओट्यावर बसून सुचली. दूध-पावडर आणि साखर कागदाच्या शंकूत भरून ती काळ्यावर रेघ ओढायची, मेंदी काढतात तशी. उन्हाळ्यात मात्र ही वडी करायची नाही, हा धडा आम्ही जाहीरपणे शिकलो. बाबासाहेबांच्या जयंतीला मिरवणुकीत वाटायची म्हणून अक्कानं टोपलीभर वडी केली. एप्रिलातलं भालकीचं ऊन, आणि आमची सगळी बायामाणसं पांढऱ्याशुभ्र साड्यांत, पांढऱ्या सदऱ्यांत. मिरवणूक चौकात पोचेपर्यंत एकही पदर शिल्लक राहिला नाही ज्यावर तपकिरी बोटं नाहीत. कुणी रागावलं नाही. त्या वर्षीच्या साड्यांवरचे डाग बायका पुढं वर्षभर एकमेकींना दाखवायच्या.

आता अप्पांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं व्हायचं नाही.

वडी सुधारली तशी अक्काच्या मनानं एक घेतलं. कागदात गुंडाळलेली, नाव छापलेली वडी भालकीच्या बसस्टँडवर विकली गेली पाहिजे. कागदाचा मजकूर मी लिहिला. बिदरच्या छापखान्यात मीच घेऊन गेले. मराठी आणि कन्नड, दोन्ही लिप्यांत: भागीरथी लक्ष्मण कांबळे यांची बिदरी वडी. छापखान्यातला माणूस म्हणाला, नुसतं भागीरथी शोभून दिसेल, आडनाव कशाला? मी म्हटलं, आडनावासकटच. आडनाव वाचलं की आम्ही कोण ते कळतं, हे त्यालाही माहीत होतं, मलाही आणि अक्कालाही. तिचा हट्टच तिथं होता.

बसस्टँडसमोर अप्पांचं मिठाईचं दुकान. अप्पा लिंगायत, बसवण्णांना मानणारे, घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी, बोलायला गोड. अक्का आणि मी डबा घेऊन गेलो. अप्पांनी डबा पायरीवर ठेवायला सांगितला. मग एक वडी उचलली आणि आतल्या पडद्यामागं गेले. आम्ही बाहेर उभ्या. बराच वेळ गेला, कारण ही वडी पटकन गिळता येत नाही. तोंड पुसत बाहेर आले. म्हणाले, "वडी फस्क्लास आहे गं भागे. रोज आणून दे. पण कागद नको, बरणीत सुटी ठेवू."

"कामून?" अक्का म्हणाली.

अप्पांनी समजावलं. ते स्वतः भेद मानत नाहीत, बसवण्णांनीच शिकवलंय. पण गिऱ्हाईक... गिऱ्हाईकाला नाव वाचून काय करायचंय, गोड लागलं की झालं. अक्कानं ऐकून घेतलं. मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "वडी तुमच्या बरणीत बसंल अप्पा. मी कुठं बसू?" आणि चालायला लागली. मी मागून. मला वाटलं घरी जाऊन रडेल. तिनं वाटेतच डबा उघडला, भालकी-उदगीर गाडीच्या कंडक्टरला एक वडी दिली, ड्रायव्हरला एक दिली, आणि कागद फेकू नका, वाचा, असं बजावलं.

त्या गाड्यांनीच वडी पसरवली. गाडीत शेजारचा कोण ते कुणी विचारत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर तोंडात काही असलं की बरं असतं. कंडक्टर अक्काच्या खिडकीतून डबे नेऊ लागले. उदगीरच्या शाळांत पोरं कागदाची विमानं करून उडवायची, आणि कांबळे हे आडनाव वर्गभर फिरायचं. अप्पांच्या दुकानातून मात्र वडी नव्हतीच. अक्का येता-जाता त्यांना नमस्कार करायची. आतून तिला लागलं होतं. एकदा फरशी घासताना म्हणाली, "सगळी दुनिया खाऊ दे गं. भालकीनं चारचौघांत खाल्ली न्हाई तवर माझी वडी झालीच न्हाई."

आणि मग थंडीत एके सकाळी अप्पा स्वतः वस्तीत आले. त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता, मुलाकडचे उदगीरचे. मुलाच्या आईनं निरोप धाडला होता की भालकीची ती काळी वडी पाहुण्यांना असेलच ना. अप्पा अक्काच्या दारात उभे. मी तेव्हा सुट्टीला आलेले. अक्का नेमकी पाक उतरवत होती, आणि पाक कुणासाठी थांबत नाही. अप्पांना तिनं बसा म्हटलं, ते बसले नाहीत. बायका दारादारातून बाहेर आल्या. पाक फरशीवर पडला. "हात मागं," अक्का म्हणाली. दाजींनी हात मागं घेतले... आणि शेजारी उभ्या अप्पांनीही घेतले. मला हसू आवरेना.

अप्पांनी मागणी सांगितली. अक्कानं कालची तयार वडी कागदासकट त्यांच्या पुढं धरली. "आधी चव बघा."

"चव म्हाईत आहे की गं."

"पडद्यामागची म्हाईत हाय. आता उजेडात बघा."

अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. कागद सोडला, वाचला, वडी तोंडात टाकली. पेढा असता तर गिळून निघून गेले असते. ही बिदरी वडी. अप्पांना वरची कवळी होती, आणि वडीनं कवळी धरली. आता तोंड उघडावं तर दात बाहेर, थुंकावं तर साऱ्या वस्तीचा अपमान. अप्पांनी डोळे मिटले आणि चघळायला लागले. शांतपणे, गालातल्या गालात, आमच्या दारात उभं राहून. अक्का अशी की बोलणं थांबवेना. साखर जास्त झाली का अप्पा? मान हलली, नाही. दूध कमी पडलं का? मान हलली, नाही. पलीकडची शेजारीण म्हणाली, चावू दे गं त्यांना, सासरला आल्यात का ते? गल्ली फुटली हसून, आणि अप्पांचे खांदेसुद्धा हलायला लागले. शेवटी दाजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. अप्पांनी तो घेतला आणि तोंड लावून प्याले. कवळी बसवली, उपरण्यानं तोंड पुसलं. म्हणाले, "अक्का, साखरपुड्याला कागदासकट पाठवा. आडनावासकट." भागे म्हणायचे, त्या दिवशी अक्का म्हणाले.

साखरपुड्यात काहींनी कागद वाचून वडी ताटाकडेला सरकवली. हेही लिहिते, नाही लिहिलं तर अक्का मला खोटी म्हणेल. पण उदगीरकरांनी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवसापासून अप्पांच्या गल्ल्यावर, अगदी पुढं, अक्काची बरणी आली. कागदासकट. अक्का त्या दिवशी नवी साडी नेसून उगीचच बसस्टँडवर गेली, कुठल्याच गाडीत न बसता परत आली.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याला, भंतेजींची वंदना झाली. लोकांनी दोन शब्द बोलायचे होते. आधी मिलिंदनं सगळ्यांच्या हातात वडी दिली, हीच चूक झाली. अंगणभर माणसं, वस्तीतली, गावातली, दोन कंडक्टर, म्हातारे झालेले अप्पा... आणि कुणालाच बोलता येईना. सगळे चघळतायत, डोळे पुसतायत, एकमेकांकडे बघून मान हलवतायत. अप्पांनी ह्या खेपेला कवळी आधीच काढून खिशात ठेवली होती. इतकी छान शोकसभा मी दुसरी पाहिली नाही.

ती वडी आदल्या दिवशी आम्ही केली होती, मिलिंदनं आणि मी. तीच चूल, तीच शहाबादी फरशी. इतक्या वर्षांच्या सुरीनं तिच्यावर आडव्या-उभ्या खाचा पडल्यात. कोरडी असली तरी मुंग्या त्या खाचांतून चालतात. मी तूप फासलं, मिलिंदनं पाक ओतला. दाजी येऊन उभे राहिले आणि कुणी काही न सांगता त्यांचे हात मागं गेले. पाक चकाकला, निवला, बसला. कापायची वेळ झाली. मी सुरी पुढं केली तर त्यांनी ती घेतली नाही.

"दाजी, बसला पाक. हात सोडा की."

"ती सोड म्हणली न्हाई अजून," दाजी म्हणाले. फरशीकडेच बघत होते.

मला कळलं. मी कंबरेवर हात ठेवला आणि अक्काच्या आवाजात, परसापासून चौकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या जोरात म्हटलं, "हां, सोडा आता!" शेजारच्या कोंबड्या उडाल्या. पलीकडची शेजारीण, आता म्हातारी झालेली, दारात आली, अक्का आली का गं, म्हणून. दाजींनी हात पुढं घेतले, सुरी तुपात बुडवली, आणि पहिली रेघ बरोबर जुन्या खाचेत गेली.